कारवानी रिंगणात, दोरी आजोबांच्या हातात

दिवाळी सरून हवेत गारवा आला की श्वानप्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. गेल्या काही वर्षांत या प्रदर्शनांत परदेशी जातींच्या शेजारी आपला कारवानीही दिसू लागला आहे. शेतावर, वस्तीवर, मेंढरांच्या वाड्यावर राखणीला असलेला एखादा वर्षाचा तरणा कारवानी नातवंडांना देखणा वाटतो आणि ‘आजोबा, याला एकदा प्रदर्शनात उभा करू या’ अशी टूम निघते. सांगली-सोलापूरच्या बाजूला वैद्यकी करत असल्यामुळे पुढचा प्रश्न माझ्यापर्यंत येतो : ज्यांनी हा कुत्रा वाढवला त्या सत्तरीतल्या आजोबांनी किंवा आजींनी त्यात भाग घ्यावा की नाही?

माझे उत्तर बहुतेक वेळा ‘घ्यावा’ असेच असते. हौसेला वय नसते म्हणून मी हे म्हणत नाही; कारण अगदी व्यावहारिक आहे. प्रदर्शनाच्या रिंगणात कुत्र्याकडून प्रामुख्याने तीन गोष्टींची अपेक्षा असते. त्याने स्तब्ध उभे राहावे, परक्या माणसाला आपले तोंड, पाय आणि अंग तपासू द्यावे, आणि सैल दोरीवर माणसाच्या चालीने चालावे. वृद्ध माणसाच्या घरात तरुण, ताकदवान कुत्रा सुखरूप नांदायचा असेल तर नेमक्या याच तीन गोष्टी लागतात. बक्षीस मिळो न मिळो, ही तयारी आजोबांच्या खुब्याच्या हाडाच्या कामी येते.

खुब्याचा उल्लेख मी भीती घालण्यासाठी करत नाही. अमेरिकेतील पासष्ट वर्षांपुढील माणसांना दोरीने बांधलेला कुत्रा फिरवताना झालेल्या अस्थिभंगांचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. २००४ मध्ये असे सुमारे १,७०० अस्थिभंग झाले होते. २०१७ मध्ये तो आकडा सुमारे ४,४०० वर गेला. त्यांत तीन चतुर्थांशांहून अधिक स्त्रिया होत्या आणि सर्वाधिक मोडलेले हाड खुब्याचे होते. आपल्याकडे फिरायला नेण्याची पद्धत वेगळी असली तरी हाडांचा ठिसूळपणा आणि कुत्र्याचा हिसका दोन्हीकडे सारखेच. सत्तरीत खुबा मोडला की शस्त्रक्रिया, अंथरूण, पायातील रक्ताच्या गुठळ्या, छातीतील संसर्ग अशी साखळी सुरू होऊ शकते आणि कित्येक जण पुन्हा पूर्वीसारखे चालत नाहीत.

आता या कुत्र्याविषयी थोडे. आपण महाराष्ट्रात ज्याला कारवानी म्हणतो त्याच घराण्याला सीमेपलीकडे कर्नाटकात मुधोळ म्हणून ओळखतात. मुधोळ हे घोरपड्यांचे मराठा संस्थान. तेथील मालोजीराव घोरपडे यांनी या जातीला आश्रय दिला. आज बागलकोट जिल्ह्यात मुधोळजवळच्या तिम्मापूरला या जातीचे संशोधन केंद्र आहे आणि २००५ साली टपाल खात्याने काढलेल्या देशी कुत्र्यांच्या चार तिकिटांपैकी एक मुधोळचे होते. केनेल क्लब ऑफ इंडिया या संस्थेच्या दप्तरी त्याची नोंद ‘कॅरव्हान हाउंड’ अशी होते. लांबट निमुळते डोके, खोल छाती, आत ओढलेले पोट, लांब पाय, वीस किलोंच्या वर वजन. हा वासावर नव्हे तर नजरेवर धावणारा कुत्रा आहे, आणि हे आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. दूरवर मांजर हलले की दोरी धरणाऱ्याच्या ते ध्यानात येण्याआधीच हा सुटलेला असतो. पूर्वी तो सशाच्या शिकारीसाठी प्रसिद्ध होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती शिकार गुन्हा ठरली. आता त्याचे प्रामाणिक काम राखणीचे. पण पायांतला वेग काही कायद्याने कमी होत नाही.

कामाच्या कुत्र्याला प्रदर्शनात नेणे म्हणजे त्याचा बाहुला करणे, असे काही जुन्या माणसांना वाटते. इतिहास उलटा आहे. इंग्लंडमध्ये न्यूकॅसल येथे १८५९ साली जे प्रदर्शन भरले आणि ज्यापासून आजच्या प्रदर्शनांची परंपरा मोजतात, त्यात पॉइंटर आणि सेटर या शिकारीत मदत करणाऱ्या कुत्र्यांनाच प्रवेश होता, आणि बक्षीस म्हणून बंदुका दिल्या होत्या. राबणाऱ्या कुत्र्याचा बांधा त्याच्या कामाला योग्य आहे का, त्याच्यापासून पुढची वीण घ्यावी का, हे पाहण्यासाठी हा खटाटोप सुरू झाला. अशा स्पर्धांत नसबंदी केलेल्या कुत्र्याला सहसा प्रवेश नसतो आणि परीक्षक नराचे दोन्ही वृषण उतरले आहेत का हेही चाचपतो, त्यामागे हेच कारण आहे. पुढे शोभेला महत्त्व आले आणि काही जातींची त्यात दैना झाली, हे मला मान्य आहे. चपट्या नाकाच्या कुत्र्यांची धाप मला पाहवत नाही. कारवानीवर ती वेळ अजून आलेली नाही. उलट ग्रेहाउंडशी झालेल्या सरमिसळीमुळे शुद्ध कारवानी शोधावा लागतो. अशा वेळी चार चांगली जनावरे एका जागी दिसली तर बिघडले काय?

रिंगणात नेमके काय होते ते समजून घ्या, म्हणजे तयारी कळेल. कुत्रा आपल्या डाव्या हाताला घेऊन सर्वांबरोबर गोल फेरी मारायची. मग एकेकाला पुढे बोलावतात. कुत्रा चारी पायांवर सारखा भार देऊन उभा राहतो. परीक्षक समोरून येतो, ओठ उचलून दात पाहतो. वरचे दात खालच्या दातांवर कात्रीच्या पात्यासारखे किंचित पुढे बसलेले असावेत अशी अपेक्षा असते. मग मान, खांदा, छाती, पाठ, मांड्या यांवरून हात फिरवतो. नंतर दुडकी चाल पाहतो. कधी सरळ जाऊन परत, कधी त्रिकोणात. एवढेच. तुलना शेजारच्या कुत्र्यापेक्षा त्या जातीच्या ठरलेल्या आदर्शाशी होते. प्रवेशासाठी संस्थेकडे नोंदणी, कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप आणि लसींचे कागद लागतात. ते काम मुलानातवंडांवर सोपवावे.

तयारीतील आजोबांचा वाटा मात्र घरचा आहे आणि तो रोज पाच-पाच मिनिटे दोनदा पुरतो. जेवणाआधी, कुत्र्याला भूक असताना करावा. उकडलेल्या कोंबडीचे किंवा भाकरीचे बोराएवढे तुकडे खिशात ठेवा. कुत्रा उभा असताना तुकडा आपल्या कमरेच्या उंचीवर धरा. त्याची नजर वर आणि पाय जमिनीवर राहतील. दोन सेकंद स्थिर राहिला की ‘शाब्बास’ म्हणून तुकडा द्या. मग चार सेकंद, मग दहा. उडी मारली तर तुकडा पाठीमागे जातो, आवाज चढवायचा नाही. रिंगणात काही जण गुडघ्यावर बसून कुत्र्याचे एकेक पाऊल हाताने मांडतात. आपण ते करू नका. गुडघ्याची झीज असलेल्याला उठता येत नाही, आणि रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील तर खाली वाकून एकदम उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते. कुत्र्याला स्वतःहून उभे राहायला शिकवलेले केव्हाही बरे.

दात दाखवण्याचा सराव खुर्चीवर बसून करावा. आधी नुसता हनुवटीला हात, मग ओठाला बोट, मग ओठ उचलणे, दर पायरीला तुकडा. पंजे दाबून पाहावे, कानात डोकवावे, शेपूट उचलावी. आठवड्यातून एकदा हेच काम घरी आलेल्या दुसऱ्या माणसाकडून करून घ्यावे. याचा खरा फायदा पुढे होतो. अशा कुत्र्याची गोचीड काढता येते, नखे कापता येतात, पशुवैद्यकाला त्याचे तोंड बांधावे लागत नाही. आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या आजींच्या पातळ कातडीवर अंगावर उडी घेणाऱ्या कुत्र्याचा ओरखडा उमटत नाही. तो ओरखडा दिसायला किरकोळ असतो, पण रक्त लवकर थांबत नाही आणि मधुमेहात महिनाभर भरत नाही.

चालण्याविषयी मला सर्वात जास्त सांगायचे आहे. दोरीचा फास मनगटात कधीही अडकवू नये, हाताला वेढे देऊ नयेत. दोरी तळहातावर आडवी घेऊन मुठीत धरावी, म्हणजे वेळ आली तर सोडता येते. आणि वेळ आली तर सोडावी. शेतात, अंगणात, बंद मैदानात कुत्रा मांजरामागे झेपावला तर त्याला रोखण्याचा प्रयत्न करू नका, बोटे उघडा. कारवानी परत येतो, मोडलेल्या मनगटाला दीड महिना प्लास्टर लागते. रहदारीच्या रस्त्यावर दोरी सोडणे धोक्याचे आहे. म्हणूनच तेथे तरुण कुत्रा वृद्धाच्या हाती देऊ नये, हे घरच्यांनी लक्षात ठेवावे. मागे-पुढे लांबणारी चाकाची दोरी घरात आणूच नका. या कुत्र्याचे डोके निमुळते आणि मान जवळजवळ तेवढ्याच जाडीची. त्यामुळे साधा गळपट्टा मागे हिसका देताच डोक्यावरून निघतो. ओढल्यावर थोडाच आवळणारा रुंद पट्टा किंवा छातीवरून जाणारा पट्टा रोजच्या फिरण्याला वापरावा. रिंगणातील नाजूक दोरी रिंगणापुरतीच. पायांत चप्पल नको, मागे बंद असलेला आणि तळाला पकड असलेला बूट हवा. सैल दोरीचा सराव सोपा आहे : दोरी ताणली की आपण थांबायचे, सैल झाली की चालायचे. पहिल्या आठवड्यात अंगणाच्या या टोकापासून त्या टोकाला जायला दहा मिनिटे लागतील. लागू द्या.

माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी ही गोष्ट फार मनावर घेतली. वय चौऱ्याहत्तर, मधुमेह, एका गुडघ्याची झीज. पत्नी गेल्यापासून सकाळचे फिरणे बंद झाले होते. धाकट्या मुलाने मळ्यावरची दहा महिन्यांची कारवानी मादी प्रदर्शनात नेण्याचे ठरवले आणि शिकवण्याचे काम वडिलांकडे आले. चाळीस वर्षे वर्गाला शिस्त लावलेल्या माणसाला नवा विद्यार्थी मिळाला. तीन महिन्यांनी त्यांची साखर आटोक्यात आली. त्याचे श्रेय मी एकट्या कुत्रीला देणार नाही, औषधही बदलले होते. रिंगणात मुलगा धावला, हे बाहेर खुर्चीवर बसले. चौघींत ती चौथी आली. शेपूट वर घेते, असे परीक्षकाने म्हटल्याचे त्यांनी मला जरा रागानेच सांगितले; पण परक्या माणसाने तोंड उघडले तेव्हा ती हूं की चूं करता उभी राहिली नाही, नुसती उभी राहिली, हे वाक्य त्यांनी दोनदा सांगितले.

दोरी कोणी धरावी आणि कोणी धरू नये, हे ठरवण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडे एकदा जावे. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून उठता येते का, एका पायावर काही सेकंद उभे राहता येते का, आडवे असताना आणि उभे राहिल्यावर रक्तदाबात किती फरक पडतो, मोतीबिंदू पिकला आहे का, तळपायांना स्पर्श कळतो का, एवढ्या तपासण्यांतून बरेच समजते. वर्षभरात एकदा जरी पडणे झाले असेल, झोपेची गोळी चालू असेल, हाडांची घनता कमी असेल, तर चालत्या कुत्र्याची दोरी दुसऱ्याच्या हाती द्यावी. उभे करण्याचा आणि दात दाखवण्याचा सराव तरीही करता येतो. रिंगणातील दुडकी चाल ही पळण्याच्या जवळची असते. ती नातवंडाने करावी, यात आजोबांचा मान कमी होत नाही. ज्यांच्या घरी स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आहे त्यांनी त्यांना प्रदर्शनाला नेण्याआधी विचार करावा. शेकडो कुत्र्यांचे भुंकणे आणि ध्वनिक्षेपक यांत तासाभरात ते घाबरेघुबरे होऊ शकतात.

आणि कुत्र्याची प्रकृती? पिल्लांच्या लसी साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. त्या पुऱ्या होईपर्यंत गर्दीच्या मैदानात नेऊ नये, पार्व्हो आणि डिस्टेंपर तेथेच लागतात. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर आणि पुढे पशुवैद्यकाने दिलेल्या तारखांना. जंतांचे औषध वेळेवर. हाडांची वाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे सव्वा वर्षापर्यंत, त्याला मोटारसायकलमागे पळवू नये. ‘दम यावा’ म्हणून असे पळवणारे लोक मी पाहतो. खाण्याच्या बाबतीत आजींना एक विनंती. कारवानीच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसणे हे आजारपण नव्हे, तो त्याचा बांधा आहे. तूप-चपाती घालून त्याला गुबगुबीत करू नका. परीक्षक नाक मुरडेल ते राहू द्या, सांध्यांवर भार पडतो. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्यांना विषारी आहेत; प्रसादाच्या शिऱ्यातील मनुकाही.

प्रदर्शनाच्या दिवशी वृद्धांचे हाल कुत्र्यामुळे होत नाहीत, ताटकळण्यामुळे होतात. सकाळी दहाची वेळ दिलेली असते आणि आपली जात दुपारी दोनला येते. म्हणून घडीची खुर्ची, छत्री किंवा टोपी आणि पाणी न्यावे. स्वच्छतागृह दूर आहे म्हणून पाणी न पिण्याची सवय अनेक आजींना असते. त्यातून चक्कर आणि मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. पोहोचल्याबरोबर स्वच्छतागृह कोठे आहे ते पाहून ठेवा आणि पाणी प्या. लघवी वाढवणारी गोळी त्या दिवशी केव्हा घ्यावी हे डॉक्टरांना आधीच विचारा, स्वतःच्या मनाने बंद करू नका. मधुमेह्यांनी जेवणाची वेळ चुकू देऊ नये. खिशात साखर असावी. दम्याच्या रुग्णांनी पंप बरोबर ठेवावा, मैदानावर धूळ असते. कुत्र्याला बंद मोटारीत ठेवून जेवायला जाऊ नये, हिवाळ्यातील दुपारीही नाही.

एवढ्या अनोळखी कुत्र्यांत दात किंवा नख लागण्याचा प्रसंग येऊ शकतो. देखण्या, लस टोचलेल्या कुत्र्याचा दात लागला म्हणून दुर्लक्ष करू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ लावून पंधरा. माणसे दोन मिनिटांत आटोपतात. हळद, चुना, तिखट काही लावू नये, घट्ट पट्टी बांधू नये. कातडी फाटली असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लस किती मात्रांची आणि जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन द्यायचे का, हे तेथे ठरते. पहिली मात्रा घेऊन ‘आता बरे आहे’ म्हणून पुढच्या तारखा चुकवणारे रुग्ण मला दरवर्षी भेटतात. रेबीज एकदा दिसू लागला की त्यावर उपाय नाही. त्या कुत्र्याच्या मालकाचा दूरध्वनी क्रमांक आणि लसीची तारीख तेथल्या तेथे लिहून घ्यावी, भांडण मागाहून करता येते.

संध्याकाळी घरी आल्यावर आजोबांनी आधी बूट काढून आपले तळपाय पाहावेत, विशेषतः मधुमेह असेल तर. दिवसभराच्या बुटांत फोड आलेला कळत नाही. मग खुर्चीवर बसून कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यांत, कानांच्या मुळाशी आणि बगलेत गोचीड शोधावी. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, बोटांनी चिरडू नये, नंतर हात साबणाने धुवावेत. कुत्रा त्या रात्री दमून आजोबांच्या खाटेखालीच पसरेल. लघवीला उठायच्या वाटेवर तो आडवा येऊ नये म्हणून त्याचे पोते दाराच्या पलीकडे टाकावे आणि एक मंद दिवा चालू ठेवावा.